मुक्कामी गाडीचं डिझेल

(बीदर जिल्ह्यात, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या संतपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी खनिज तेल असं सांगितलं. एक-दोघांना आश्चर्य वाटलं. ना इथे तेलविहीर, ना कारखाने, ना रेल्वे. मग संतपूरला तेलाचं काय? माझं म्हणणं असं आहे की नेमकं म्हणूनच हा विषय संतपूरचा आहे. जगात तेल कमी पडू लागतं तेव्हा ते विहिरीत संपलेलं नसतं. ते आधी संपतं रस्त्याच्या शेवटच्या गावात. जिथे टँकर सगळ्यांत शेवटी पोचतो आणि एसटीची मुक्कामी गाडी सगळ्यांत आधी बंद होते, तिथे. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी तेल उतरतं म्हणजे काय होतं ते पाहू. त्यासाठी सौदी अरेबियात जायला नको, मुंबईच्या समुद्रात जाऊ. मुंबईपासून सुमारे एकशे साठ किलोमीटर आत, समुद्रतळाखालच्या चुनखडकाच्या थरांत, फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजावरच्या लोकांना तेल लागलं. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. ज्यांना ते दिवस आठवत असतील त्यांना त्या बातमीचा आनंद आठवत असेल. बहात्तरचा दुष्काळ नुकताच भोगलेला, त्र्याहत्तरला तेलाचे भाव चौपट झालेले, आणि अशा वेळी आपल्याच समुद्रात तेल! १९८९ च्या सुमाराला मुंबई हाय रोज पावणेपाच लाख पिंपं तेल देत होतं. आज ते दीड लाखालाही पोचत नाही.

ही विहीर आटली का? नाही. तिथल्या खडकातलं बरंचसं तेल आजही तिथेच आहे. पण सुरुवातीला ते स्वतःच्या दाबाने वर येत होतं. दाब उतरला तशी खालून पाणी सोडून तेल रेटावं लागलं. मग तेलाबरोबर पाणीच जास्त वर येऊ लागलं. मग नव्या विहिरी, आडव्या विहिरी, नवे फलाट, हजारो कोटींच्या पुनर्विकास योजना. एवढं करूनही आलेख वर चढला नाही, उतार थोडा मंदावला इतकंच. २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक मदत घेतली. त्यातून काही वाढही होईल. परंतु एकोणनव्वद सालची पिंपं परत येतील असं त्या क्षेत्रातला जाणता माणूस म्हणणार नाही.

जे मुंबई हायचं, तेच जगातल्या बहुतेक मोठ्या क्षेत्रांचं. मेक्सिकोच्या समुद्रातलं कांतारेल २००४ मध्ये रोज वीस लाखांहून जास्त पिंपं देत होतं. पंधरा वर्षांत त्याचा दहावा हिस्साही उरला नाही. ब्रिटनचा उत्तर समुद्र १९९९ ला शिखरावर होता. इंडोनेशिया तेल विकणारा देश होता, तो तेल विकत घेणारा झाला आणि २००८ मध्ये ओपेक या निर्यातदारांच्या संघटनेतून बाहेर पडला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एक अहवाल काढला. तेल आणि वायू काढण्यावर जग दरवर्षी जो पैसा ओततं, त्यातला जवळजवळ नव्वद टक्के पैसा उत्पादन वाढवायला लागत नाही. जुन्या क्षेत्रांची घट भरून काढण्यातच तो जातो. ही गुंतवणूक थांबली तर जगाचं तेल वर्षाला सुमारे आठ टक्क्यांनी घटेल, असं तो अहवाल सांगतो. म्हणजे आज जग जागच्या जागी उभं राहण्यासाठी धावतं आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मॅरियन किंग हबर्ट नावाच्या अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञाने मार्च १९५६ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेचं तेल १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल आणि मग उतरेल. १९७० ला तसंच झालं. पुढे चाळीस वर्षांनी शेल खडक फोडून तेल काढायचं तंत्र आलं, आणि आज अमेरिका तेव्हापेक्षा कितीतरी जास्त, रोज एक कोटी तीस लाख पिंपं काढते. तेव्हा तेल संपतंय म्हणणारे खोटे पडले, असं म्हणतात. पण हबर्टचा हिशेब नेहमीच्या विहिरींपुरता होता, आणि तिथे तो टिकलाही. जगाचं नेहमीचं कच्चं तेल २००६ मध्ये शिखरावर होतं असं ऊर्जा संस्थेनेच पुढे नोंदवलं. त्यानंतरची बरीच वाढ शेलमधून आली. शेलचं तेल हलकं असतं. त्यातून पेट्रोल भरपूर निघतं, डिझेल कमी. शिवाय शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याखाली येते. तेव्हा ज्या नव्या तेलाने जगाची वेळ निभावली, त्यात आपल्या कामाचं डिझेल तुलनेने थोडं आहे.

दुसरा आक्षेप विजेच्या गाड्यांचा. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दर दहांतल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. मागणीच उतरेल, मग पुरवठा उतरला तर काय बिघडलं? मला ही शक्यता खरी वाटते, आणि मी तिचं स्वागत करतो. पण विजेवर आधी काय जातं? शहरातली दुचाकी, रिक्षा, मोटार. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, बोअरची गाडी, दहा चाकी ट्रक सगळ्यांत शेवटी. शहर तेलातून बाहेर पडेल आणि खेडं आत राहील, असं वीस-पंचवीस वर्षांचं एक अंतर पडणार आहे. मला काळजी आहे ती त्या अंतराची.

आता आपल्या शिवारात या. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट ऊर्जा असते. इंजिनात दोन-तृतीयांश उष्णता म्हणून वाया जाते. उरतात तीनेक युनिट. चांगली बैलजोडी दिवसभर औत ओढून जे काम करते ते याहून थोडंच जास्त भरतं. एक धडधाकट माणूस दिवसभर राबून अर्ध्या युनिटच्या आसपास काम करतो. म्हणजे नव्वद रुपयांच्या आसपास मिळणारं लिटरभर डिझेल बैलजोडीच्या जवळपास दिवसभराचं, किंवा सहा माणसांचं काम करतं. बैलजोडीचा आजचा रोज किती आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. आपल्या शेतीत गेल्या तीस वर्षांत जे बदललं त्याचं मूळ या फरकात आहे. गोठे रिकामे का झाले, सालगडी का मिळत नाही, मुलगा हैदराबादेत किंवा पुण्यात कामाला असूनही बारा एकर रान पडीक का पडत नाही, या सगळ्यांचं उत्तर तिथेच मिळतं.

कोणी म्हणेल, मग बैल परत आणू. देवणी हा आपला बैल, लातूर-बीदरच्या मातीतला. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, आणि देवणी टिकवण्याच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बैल एकटा येत नाही. त्याला कडबा लागतो, आणि आपण ज्वारी सोडून सोयाबीन धरलं तेव्हाच कडबा गेला. त्याला पहाटे उठणारा गडी लागतो. ज्याच्याकडे अजून जोडी आहे त्याने ती मोडू नये, इतकंच मी म्हणेन. तालुक्याची सगळी पेरणी बैलांवर परत जाईल ही आशा मी देणार नाही.

डिझेलच्या मागे युरिया आहे. हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूतला हायड्रोजन एकत्र करून अमोनिया, आणि त्यापासून युरिया. रायगड जिल्ह्यातला थळचा आरसीएफचा कारखाना मुंबई हायच्याच वायूच्या भरवशावर उभा राहिला. आज देशाला लागणारा सुमारे निम्मा वायू जहाजाने येतो, त्यातला मोठा वाटा कतारमधून. पंचेचाळीस किलोची गोणी आपल्याला अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत मिळते कारण बाकीचे पैसे केंद्र सरकार भरतं. स्वयंपाकघरातल्या गॅसचंही असंच, निम्म्याहून जास्त आयात आणि तीही बहुतेक आखातातून. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या आसपास तेल आपण बाहेरून आणतो. २०२४ मध्ये जगातल्या दर पाच पिंपांतलं एक होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून गेलं. आणीबाणीसाठी आपले भूमिगत साठे तीन ठिकाणी आहेत, त्यातले दोन या कर्नाटकातच, मंगळूर आणि पादूरला. तिन्ही पूर्ण भरले तरी देशाची साडेनऊ दिवसांची गरज भागते. तेल कंपन्यांचे साठे वेगळे, ते धरून अडीच महिन्यांच्या आत-बाहेर.

याच होर्मुझच्या काठावरच्या इराणचा आणि आपला संबंध जुना आहे, हे बीदरच्या माणसाला सांगायला नको. बीदरचा मदरसा बांधणारा महमूद गावान इराणातल्या गिलानचा. बीदरजवळच्या नौबादचा करेज म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा बोगदा. ती विद्याही इराणी. पाणी उताराने आपोआप वाहत येतं. ना मोट, ना इंजिन, ना वीज. बहमनी राजांनी पंधराव्या शतकात जांभ्या खडकात तो खोदवला. आणि त्याच इराणात मस्जिद-ए-सुलेमान इथे २६ मे १९०८ ला पश्चिम आशियातलं पहिलं मोठं तेल लागलं. एकाच देशाने आपल्याला आधी पाणी न उपसता घ्यायला शिकवलं आणि नंतर ज्याच्या जोरावर आपण हजार फूट बोअर मारतो ते तेल दिलं. यातलं दुसरं आपण इतकं मनावर घेतलं की पहिलं ढिगाऱ्याखाली गेलं.

तुटवडा समाजात कसा उतरतो हे आपण पाहिलेलं आहे. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, तो फोटो सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्या काळाचं खरं चित्र रॉकेलच्या रांगेत होतं. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी बायकांचे लाटणे मोर्चे काढले, त्यात रॉकेल हा मोठा प्रश्न होता. मोर्चा निघाला म्हणून मुंबईत रॉकेलवर बोलणं तरी झालं. खेड्यातली बाई चिमणी विझवून झोपली, तिची नोंद कुठे नाही. पुढे १९९० ला कुवेत पेटलं आणि वर्षभरात देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं. क्युबाची गोष्ट याहून बोलकी आहे. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथून येणारं स्वस्त तेल एकाएकी थांबलं. लोकांचं वजन घटलं, लाखो सायकली आल्या, शेतात बैल परतले, शहरांतल्या मोकळ्या जागांवर भाजी लावली गेली. देश मोडला नाही, कारण शिधावाटप शेवटच्या घरापर्यंत पोचवण्याची व्यवस्था तिथे आधीपासून होती. त्या राजवटीची बाकीची बाजू मला मान्य नाही, पण रांग कशी लावावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आणि रांगेचा विचार केला की आपलं दुखणं समोर येतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बाकीचे आपण म्हैसूर राज्यात. मामाचं गाव एका राज्यात, मोंढा दुसऱ्या राज्यात, कोर्ट तिसऱ्याच दिशेला. सीमालढ्याचा इतिहास इथे अनेकांनी सांगितला आहे, मी एवढंच विचारतो की रेघ ओढल्यानंतरही रोटीबेटी व्यवहार टिकला कसा? मुली उदगीरला दिल्या, मुलं देगलूरच्या कॉलेजात गेली, उडीद-मूग जिथे भाव चांगला तिथल्या अडतीवर गेला. हे प्रेमाने झालं, खरं आहे. पण ते प्रेम डिझेलवर चालत होतं. इकडची लाल गाडी, तिकडची एसटी, मधली टमटम आणि पिकअप, यांनी ती रेघ पुसट ठेवली. राजकारणाला जे करता आलं नाही ते स्वस्त डिझेलने साठ वर्षं केलं.

ही वाहनं थांबली की काय होतं त्याची चुणूकही मिळाली आहे. २०२० च्या टाळेबंदीत सीमेवर चेकपोस्ट लागले आणि एका दिवसात उदगीर परदेश झालं. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत महाराष्ट्रात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. कर्मचाऱ्यांचं गाऱ्हाणं खरं होतं. पण त्या महिन्यांत ज्यांची मुलं पलीकडे शिकत होती त्यांना विचारा. सीमावाद पेटला की पहिला दगड बसवर पडतो, हे तर नेहमीचंच.

इंधन महाग आणि तुटपुंजं झालं की परिवहन महामंडळ काय करेल? जिथे प्रवासी कमी तिथली फेरी कापेल. आंतरराज्य फेरी, मुक्कामी गाडी, पहाटेची गाडी. कागदावर ते बरोबरच दिसेल. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी गाडीत तिकिटाचे पैसे पडत नाहीत. फार मोठी गोष्ट आहे ही. माहेरपण, बाजार, दवाखाना आपल्या मनाने करणाऱ्या बायका मी पाहतो. मात्र ही सवलत मुख्यतः राज्यापुरतीच आहे, आणि फेरीच नसेल तर सवलतीचा उपयोग काय? बंगळूर आणि मुंबई दोन्ही आपल्यापासून लांब आहेत. दोघांच्याही यादीत आपण शेवटी आहोत. सीमाभागाच्या प्रश्नाचं हे नवं रूप आहे, आणि भाषेच्या फलकाइतकंच त्यावर भांडायला हवं असं मी मानतो.

आता इथेनॉलकडे येतो, कारण साखर कारखानदार मंडळी त्यालाच उत्तर म्हणतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. उसाला पैसे वेळेवर मिळाले तर मला आनंदच आहे. तरी दोन गोष्टी विसरू नका. इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं. ट्रॅक्टर आणि बस डिझेलवर चालतात. आणि नीती आयोगाच्याच अहवालानुसार उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. आपल्या शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मांजरेच्या खोऱ्यातल्या माणसाने पाण्यापासून इंधन करायला निघावं, हे मला पटत नाही. कोरडवाहू तूर आणि करडई यांना वरून पाणी नको, आणि तुरीला युरियाही जवळजवळ नको. ती तर नायट्रोजन स्वतःच जमिनीत आणते. तेलाच्या उतरत्या काळात तूर हे आपलं जुनं पीक आपली सगळ्यांत भक्कम बाजू आहे. कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते चवीसाठी. तिच्या या गुणाचा भाव मात्र अजून कोणी दिलेला नाही.

मग मागायचं काय? पहिली मागणी रेल्वे. बीदर-कलबुर्गी मार्ग २९ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला, त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली ते इथल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. बीदर-नांदेड मार्गाची मागणी औराद, देगलूरची माणसं अशीच करत आली आहेत. आजवर आपण ती विकासासाठी केली. यापुढे ती इंधनासाठी करा. रेल्वे विजेवर चालते, आणि वीज कोळशाची, पाण्याची, उन्हाची, वाऱ्याची कशाचीही चालते. एवढं ऊन आपल्याकडे आहे. दुसरी मागणी विजेच्या बसची. त्या बंगळूर-पुण्यात आधी आल्या. बीदर-औराद-देगलूर किंवा भालकी-उदगीर यांसारखे ठरलेल्या फेऱ्यांचे, बेताच्या पल्ल्याचे मार्ग त्यांच्यासाठी योग्य आहेत, आणि दोन राज्यांच्या महामंडळांनी एकत्र बसून ते करता येईल. राज्यांचा वाद न्यायालयात चालू राहू दे. चार्जिंगचा खांब उभारायला निकालाची वाट पाहायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची आहे. तुटवडा आला तर जिल्हाधिकारी अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली डिझेल वाटतील. त्यांच्यापुढे जो कागद असेल त्याप्रमाणे वाटतील. तो कागद आज कुणाकडेच नाही. मृगाच्या आधी तीन आठवडे आणि पेरणीचे दोन आठवडे या गावाला किती लिटर लागतं? सोयाबीनच्या काढणी-मळणीला किती? किती ट्रॅक्टर, किती मळणीयंत्रं, कोणाचं रान आधी वाफशावर येतं? रुग्णवाहिकेला, पाण्याच्या टँकरला, दूध संकलनाच्या गाडीला किती? कोणत्या गाडीने किती मुली शाळेत जातात? एक ट्रॅक्टर चार भावांनी मिळून वापरला तर किती वाचतं? ट्रॅक्टरवाल्यांना विचारून ही माहिती आठवडाभरात जमेल. कॉलेजातल्या पोरांनी ते काम अंगावर घ्यावं. येत्या ग्रामसभेत ती यादी वाचा, त्यात रांग ठरवा: आधी दवाखाना, मग पाणी, मग पेरणी, मग शाळेची गाडी, आणि लग्नाच्या वरातीच्या गाड्या सगळ्यांत शेवटी. यादी कन्नडमध्ये लिहा आणि मराठीतही लिहा, कारण डिझेलचा अर्ज बीदरला करावा लागेल आणि मुक्कामी गाडीचा उदगीर व देगलूरच्या आगारप्रमुखांकडे.